प्रवासात लागणारे सामान

पुण्याला समुद्र नाही. मुळा-मुठेच्या संगमावर उभे राहून पाण्याचे कौतुक करावे आणि पावसाळ्यात खडकवासल्याचे धरण भरले की ‘अगदी समुद्रासारखे दिसते’ म्हणून समाधान मानावे, एवढाच आमच्या गावाचा जलवैभवाशी संबंध. तरीदेखील समुद्र ओलांडावा की ओलांडू नये, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात पुण्याने जितका खल केला, तितका एखाद्या बंदरानेही केला असेल असे वाटत नाही. बंदरातल्या माणसाला भरती-ओहोटी सांभाळून पोट भरायचे असते. वादाला सवड लागते, आणि ती पुण्यात कधीच कमी पडलेली नाही.

थट्टा सोडून दिली तर त्या वादाच्या पोटात एक खरा प्रश्न होता, आणि तो अजून शिळा झालेला नाही. माणूस आपली आळी, आपली पंगत, आपले शेजारी सोडून महिना-दोन महिने परक्यांबरोबर एका तरंगत्या घरात राहिला, तर त्याचा धर्म त्याच्याबरोबर बोटीवर चढतो की धक्क्यावरच निरोपाचा रुमाल हलवीत उभा राहतो? येथे धर्म म्हणजे केवळ पूजाअर्चा नव्हे. आपण ज्याला चांगले वागणे म्हणतो, ते सगळेच मला अभिप्रेत आहे. त्यातले आपले स्वतःचे किती आणि शेजाऱ्याच्या धाकाचे किती?

शास्त्रकारांनाही ही शंका होती असे दिसते. बौधायनाच्या धर्मसूत्रात एके ठिकाणी समुद्रप्रवास हे पतित करणारे कर्म म्हणून सांगितले आहे. त्याच ग्रंथात दुसरीकडे उत्तरेकडच्या लोकांच्या खास चालीरीती दिल्या आहेत. लोकरीचा व्यापार, मद्यपान, शस्त्रांवर उपजीविका या मंडळींच्या पंक्तीला तेथे समुद्रप्रवासही बसला आहे. म्हणजे निषेध होता आणि जाणारे जातही होते. पुढे कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या गोष्टींच्या यादीत द्विजांचा समुद्रप्रवास आला. भांडारकर संस्थेने १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केलेल्या महामहोपाध्याय काण्यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त या कलिवर्ज्यांची चर्चा आहे.

खारट पाण्यात असे काय पाप होते? समुद्रस्नान तर पुण्यकर्म मानले जाई. याचे उत्तर, मला वाटते, ग्रंथात शोधण्यापेक्षा बोटीवरच्या दिनक्रमात शोधावे. बोटीवर स्वयंपाकघर वेगळे नाही, पाण्याची घागर वेगळी नाही, सोवळे वाळत घालायला दांडी नाही. संध्येची वेळ सांगणारे घड्याळ रोज मागे-पुढे सरकते. कोण कुणाच्या शेजारी बसून जेवणार हे जात ठरवीत नाही, तिकीट ठरवते. म्हणजे भीती समुद्राची नव्हती, सहवासाची होती. पाणी ओलांडणे हे निमित्त. खरा धोका होता तो परक्या माणसाबरोबर एका छपराखाली दिवसामागून दिवस काढण्याचा.

तो दिनक्रम कसा असे? मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या आगबोटींवर पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना बोट लागण्यातच जात. या अवस्थेत राजा आणि रंक यांच्यात काही फरक उरत नाही. पोट ताळ्यावर आले की मग दिवस मोजण्याइतके भान येई. दर अर्ध्या तासाला घंटेचे टोल पडत, चार तासांनी आठ टोल झाले की खलाशांची पाळी बदले. दुपारी सूर्याच्या आधाराने बोट कुठे आली ते ठरवून नकाशावर खूण होई. पश्चिमेकडे जाताना घड्याळे मागे घेतली जात. मग डेकवर फेऱ्या, खुर्चीत वाचन, जेवणाच्या घंटा, संध्याकाळी गाणेबजावणे, आणि पुन्हा तेच पाणी. पुण्यात नको असलेला माणूस समोर दिसला तर पटकन बोळात वळता येते. बोटीला बोळ नसतो. सकाळी टाळलेला माणूस दुपारी जेवायला समोर येऊन बसतो आणि रात्री शेजारच्या केबिनीत घोरतो.

या बोटींवरची एक रीत मला मोठी अर्थपूर्ण वाटते. प्रवाशांच्या सामानावर दोन प्रकारच्या चिठ्ठ्या चिकटवल्या जात. एकीचा अर्थ ‘प्रवासात लागणारे’, दुसरीचा ‘प्रवासात न लागणारे’. पहिले सामान केबिनीत जाई. दुसरे बोटीच्या पोटातल्या कोठारात उतरे आणि मुक्काम येईपर्यंत वर येत नसे. घर बांधून राहणाऱ्या माणसाला ही निवड कधी करावी लागत नाही. माळ्यावर जागा असते, फडताळात जागा असते, टाकायचे काही नसते. बोटीवर मात्र निघण्यापूर्वीच सांगावे लागते, यातले मला रोज हवे ते काय? आपल्या आचार-विचारांच्या ट्रंकांवर अशा चिठ्ठ्या लावायची वेळ आली, तर कोणती कुठे जाईल?

सप्टेंबर १८८८ मध्ये मुंबईहून निघालेल्या एका अठरा वर्षांच्या मुलाची हकीकत सर्वांना ठाऊक आहे, कारण पुढे त्याने ती आत्मकथेत स्वतःच सांगितली. मोहनदास गांधी इंग्लंडला निघाले तेव्हा मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याचे वचन त्यांनी आईला दिले होते. बोटीवर काटा-चमचा धरता येईना, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचे धैर्य होईना. म्हणून ते केबिनीतच घरून आणलेली मिठाई आणि फळे खात राहिले. वचन पाळले गेले, पण त्या पाळण्यात निष्ठा किती आणि भिडस्तपणा किती, हे त्या वयात त्यांनाही वेगळे करता आले नसेल. पुढची गोष्ट त्याहून बोलकी आहे. मांस खाल्ले नाही असे प्रमाणपत्र मिळवता येते असे ऐकून त्यांनी एका इंग्रज सहप्रवाशाकडून ते लिहून घेतले आणि काही दिवस जपून ठेवले. नंतर कळले की मांस खाणाऱ्यालाही असा कागद मिळू शकतो, आणि त्याची गोडी संपली. आपल्या शब्दावर विश्वास नसेल तर कागद घेऊन करायचे काय, असे त्यांना वाटले. माझ्या मते त्यांच्या समुद्रप्रवासाची खरी कमाई हीच. वचन केबिनीतले सामान ठरले आणि प्रमाणपत्र कोठारात गेले.

याच्या उलट टोकाचा प्रवासी आपल्यातल्या पुष्कळांच्या माहितीचा असतो. किनारा दिसेनासा झाला की तो मोकळा श्वास घेतो आणि म्हणतो, आता पाहतो कोण? तो स्वतःला स्वतंत्र समजतो. पण जरा निरखून पाहावे. काल तो आळीतल्या काकांच्या नजरेला भिऊन एक प्रकारे वागत होता, आज जेवणाच्या टेबलावरच्या साहेबाच्या नजरेला भिऊन दुसऱ्या प्रकारे वागतो. धनी बदलला, चाकरी तीच. केबिनीचे दार लावून घेणारा आणि सगळी दारे उघडून टाकणारा, दोघांनाही सहवासाने गाठलेले असते. दोघांनीही चिठ्ठी स्वतःच्या हाताने लावलेली नसते.

ती स्वतःच्या हाताने लावणारी माणसे विरळा. पुण्यात त्यांच्यात पहिले नाव घ्यायचे ते आनंदीबाई जोशी यांचे. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत त्यांनी आपण अमेरिकेला का जातो ते सांगितले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असे बजावले. ७ एप्रिलला त्यांनी कलकत्ता सोडले, ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने, वय अठरा, पती बरोबर नाही, सोबतीला परधर्मीय बायका. त्याच एप्रिल महिन्यात पंडिता रमाबाईही लहानग्या मनोरमेला घेऊन मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. रमाबाईंची वाट पुढे वेगळी झाली, त्यांनी विलायतेत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दोघींचे निर्णय परस्परविरुद्ध, आणि तरी मी त्यांना एकाच पंक्तीत बसवतो. आपण काय ठेवले आणि काय सोडले, याचा जाब दोघीही स्वतःच्या नावाने देऊ शकत होत्या. आनंदीबाईंनी लुगडे सोडले नाही. परदेशातल्या थंडीत नऊवारीने पाय उघडे पडतात म्हणून नेसण्याची पद्धत मात्र गुजराती केली. लुगडे केबिनीत, काष्टा कोठारात! हा निवाडा एखाद्या धर्मसभेला करावयास सांगितला असता, तर अमेरिकेतला हिवाळा उलटून गेला असता.

काही बाबतींत तर समुद्र माणसाला निवडीची संधीसुद्धा देत नाही. महर्षी कर्वे १९२९-३० मध्ये, सत्तरी गाठल्यावर, महिला विद्यापीठाची माहिती सांगत जगभर हिंडले. अमेरिकेहून ते जपानला गेले. पॅसिफिकमधली दिनरेषा पश्चिमेकडे जाताना ओलांडली की पंचांगातला एक दिवस गळून पडतो. सोमवारी झोपलेला प्रवासी उठतो तो बुधवारी. मंगळवारचा उपवास करणाऱ्याने काय करावे? उलट दिशेने आला तर एकाच वाराला दोनदा उपवास करावा काय? प्रश्न हसण्यासारखा आहे, पण हसता हसता कळते की व्रत आकाशात लिहिलेले नसते, ते आपल्या गावच्या घड्याळावर बांधलेले असते. घड्याळ बदलल्यावरही ते टिकायचे असेल, तर आपण ते का करतो हे ठाऊक असावे लागते. जो नुसती तिथी पाळतो त्याला दिनरेषा लुबाडते. जो संयम पाळतो त्याचे काहीच हरवत नाही.

आता परतीकडे वळू. बोटीवरून आलेल्या माणसाला समाजाने काय विचारले? मौज अशी की या प्रश्नाचे उत्तर पुण्याला नीट मिळाले ते एका चहाच्या पेल्यात. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेला आलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. कुणी घेतली, कुणी हात लावून ठेवली. मागाहून पाहुण्यांची नावे छापून आली आणि गावभर वणवा पेटला. शंकराचार्यांकडून चौकशी बसली, प्रायश्चित्ते निघाली. न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनीही ते घेतले. हा सारा घाट घालणारे गृहस्थ होते गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाईंचे यजमान. पत्नीला समुद्रापार पाठवणाऱ्या या विक्षिप्त माणसाने पुण्यात बसल्या बसल्या पुण्यालाच बोटीवर चढवले आणि सगळ्यांना एका टेबलावर आणून बसवले!

त्या चौकशीत जे विचारले गेले, तेच बोटीवरून परतलेल्यांनाही विचारले जाई. काय खाल्ले? कुणाबरोबर बसून? कुणाच्या हातचे? हे प्रश्न क्षुल्लक म्हणून आपण आज हसतो. त्यांचा खरा दोष मला वेगळाच वाटतो. ‘कुणाच्या हातचे’ इथपर्यंत येऊन ते थांबत. त्या हाताचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नसे.

कारण बोटीला दोन मजले असतात. वरच्या डेकवर खुर्च्या आणि वारा, खालच्या अंधारात बॉयलर. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर कामाची वाटणी गावांप्रमाणे ठरून गेली होती. डेकवरचे खलाशी रत्नागिरीपासून कच्छपर्यंतच्या किनाऱ्यावरचे, जेवणघरातले वाढपी गोव्याचे, आणि भट्टीवर कोळसा ओढणारे आगवाले पंजाब-सरहद्दीकडचे. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात वरचे प्रवासी ‘काय हा उकाडा’ म्हणून बर्फ मागवीत, त्याच वेळी खाली माणसे धगीसमोर उघड्या अंगाने फावडी चालवीत. मुंबईत धोबी तलावाच्या बाजूला गोव्यातल्या एकेका गावाच्या ‘कुडी’ होत्या. बोट मिळेपर्यंत तेथे एकेका ट्रंकेवर माणसे दिवस काढीत. विलायतेहून परतलेल्या बॅरिस्टराने पंचगव्य घेतले, त्याच्या पोटातले परके अन्न शुद्ध झाले. पण ज्या आगवाल्याच्या घामावर त्याने सहा हजार मैल कापले, त्याचे नाव त्याला ठाऊक होते का, हा प्रश्न कुठल्याच प्रायश्चित्तात नव्हता. सहवासाची भीती बाळगणाऱ्यांना आणि सहवासाचा पुरस्कार करणाऱ्या सुधारकांनाही सहवास दिसत होता तो टेबलाभोवतीचा. टेबलाखालचा मजला दोघांनाही दिसला नाही.

ही जुनी गोष्ट झाली म्हणून सोडून देता येत नाही. विलायतेला नेणाऱ्या प्रवासी बोटी विमानांमुळे बंद पडल्या, पण सहलीच्या बोटी वाढल्या आहेत. पुण्यातली कुटुंबेही आता मुंबईच्या धक्क्यावरून चार दिवसांची समुद्रसफर करून येतात, काही निवृत्त जोडपी दूरदेशीच्या लांब सफरींनाही जातात. २०२४ मध्ये फिरू लागलेल्या सर्वांत मोठ्या बोटीवर सात हजारांहून अधिक प्रवासी आणि दोन हजारांहून अधिक सेवक राहू शकतात. हे एक चांगले मोठे गावच झाले. यातल्या सेवकांसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे. २००६ साली झालेला हा करार २०१३ मध्ये अमलात आला. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे, असा त्यातला एक नियम आहे. वाचताना बरे वाटते. मग वजाबाकी केली की कळते, दिवसाला चौदा तासांपर्यंत काम या नियमात बसते.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ बोट अडकून पडली. कोरोनाची साथ बोटीवर शिरली होती. एकूण ३,७११ माणसांपैकी सातशेहून अधिक आजारी पडली. प्रवाशांना आपापल्या केबिनीत राहण्यास सांगण्यात आले. पण केबिनीत बसलेल्याला जेवण कुणीतरी आणून द्यावे लागते. ते सेवकांनी दिले. त्यांचे निजणे दाटीच्या खोल्यांत आणि जेवणे एकत्रच. बोटीवर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ सेवक. दोन्ही मजले एकाच बोटीवर, एकाच साथीत होते. दार लावून घेण्याची सोय मात्र एकाच मजल्याला होती.

कुणी म्हणेल, मी तिकिटाचे पैसे भरले, त्यातून त्यांना पगार मिळतो, ते आपखुशीने येतात. आणखी माझे कर्तव्य कोणते? हा आक्षेप खोटा नाही. पगार नसता तर गोव्या-कोकणातली कित्येक घरे उभी राहिली नसती, आणि प्रवाशाने सफरीवर न जाण्याने त्यांचे भले होणार नाही. पण पैशाने भाडे फिटते, नाते फिटत नाही. दुकानातून उठून आपण घरी जातो. बोटीवर मात्र जो आपली चादर बदलतो तो आपल्याच लाटांवर, आपल्याच वादळात निजतो. बोट बुडाली तर तिकीट विचारून बुडत नाही. म्हणून त्याचे नाव माहीत असणे, आपल्या लहरीसाठी त्याची झोप न मोडणे, आणि स्वस्त सफरीची जाहिरात पाहिल्यावर हे स्वस्त कुणाच्या विश्रांतीतून निघाले एवढे मनाशी विचारणे, इतके तरी केबिनीतल्या सामानात हवे. हे करायला कोणी पाहत नाही, कागद कोणी देत नाही. म्हणूनच ते आपले.

दोन मजले नसलेली बोट असू शकते का? १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘तारिणी’ या ५५ फुटी शिडाच्या होडीतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परत आल्या. २५४ दिवस. अशा होडीवर वाढपी नसतो, आगवाला नसतो. जी सुकाणू धरते तिलाच पाळी आली की भांडी घासावी लागतात. यावरून लगेच आदर्श समाजाचे चित्र रंगवू नये. सहा निवडक, शिकवून तयार केलेली माणसे म्हणजे समाज नव्हे. पण एवढे दिसते की जेथे प्रत्येकाला प्रत्येकाचे काम करून पाहावे लागते, तेथे ‘खालचा मजला’ हा शब्द सुचतच नाही.

आनंदीबाई नोव्हेंबर १८८६ मध्ये डॉक्टर होऊन मुंबईला उतरल्या त्या क्षय घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. नंतर त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. आनंदीबाईंना परक्या देशात मुलीसारखे सांभाळणारी ती बाई. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या अस्थी आहेत. समुद्र ओलांडण्याची ही तिसरी खेप. त्या खेपेला कुणी प्रायश्चित्त मागितले नाही. ज्या सहवासाला शास्त्र भीत होते, त्याचा शेवट इतका सोज्ज्वळ होऊ शकतो, हे त्या वेळी निदान दोन घरांना तरी कळले असावे.

हा अंक आपल्या हाती असेल तेव्हा घरात फराळाची ताटे फिरत असतील. चिवड्यात मीठ कमी की जास्त याचा वाद चालू असेल. त्याच वेळी कुठल्याशा समुद्रावर रत्नागिरीचा किंवा मडगावचा एखादा मुलगा पाळी संपवून खालच्या मजल्यावर उतरत असेल आणि घरी फोन लागतो का ते पाहत असेल. तो आपल्या ओळखीचा नसेल. पण आपल्याही घराला खालचा मजला असतोच. दिवाळीच्या पहाटे दूध आणणारा, रात्री फाटकावर बसणारा, पाडव्याची खरकटी भांडी घासायला येणारी. त्यांच्यापैकी किती जणांची नावे आपल्याला आडनावासह सांगता येतील, हे एकदा मोजून पाहावे. प्रवासाला निघण्यापूर्वी सामान तपासतात, तसे.